दाजींची पद्धत

आमच्या नांदे गावच्या दाजींइतका मऊ फुटबॉल कोच अख्ख्या मुळशीत शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बरीचशी जमीन बिल्डरला गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि भातकापणी झालेल्या खाचरात एक टीम उभी केली. नियम एकच, जो खोलीत राहील तो रविवारी खेळेल. हिंजवडीत कामाला आलेली पोरं, कुणी केरळचं, कुणी मणिपूरचं, कुणी बंगालचं. प्रत्येकाची खेळायची तऱ्हा वेगळी, आणि दाजींना प्रत्येकाची पटायची! एक म्हणाला लांब पास द्या, की दाजी म्हणणार बरोबर हाय. दुसरा म्हणाला छोटे पास, की तेही बरोबर. एकदा तर दोन्ही बेत एकाच सामन्यात चालले आणि आमचेच दोघे एकमेकांवर आपटून आडवे झाले. शेजारच्या चांदे गावची टीम आम्हाला दर वेळी धुऊन काढायची. मग दाजी सगळ्यांना अंगणात बसवून मटण-भाकरी वाढायचे, लई भारी खेळला म्हणायचे. हरलेली माणसं इतकी पोटभर जेवताना मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

शेवटी पोरं वैतागली. एक काहीतरी ठरवा, नाहीतर दुसरा कोच आणतो म्हणाली. मीही दाजींना झापलं, अहो, धड ना हे धड ना ते, असं कुठवर चालायचं?

ते भाकरी थापत होते. म्हणाले, "पाव्हणं, एक पद्धत धरली की निम्मी पोरं भायेर बसत्याल. भायेर बसल्यालं पोरगं दुसरी खोली बगतं." भाकरी उलटून म्हणाले, "तुमची ताई गेल्यापासनं ह्या घरात आवाज त्येंचाच हाय."

मी पिठाची परात त्यांच्याकडे सरकवली.

तरी त्या रविवारी त्यांनी ठरवलं, छोटे पास. ज्यांना जमेना ते बांधावर बसले. आणि काय सांगू, चांद्याला आम्ही हरवलं! पोरांनी दाजींना खांद्यावर घेऊन नाचवलं आणि पार्टी करायला हिंजवडीला निघून गेली. दाजींनी सगळ्यांचं मटण करून ठेवलं होतं. आम्ही दोघंच जेवलो. बांधावर बसलेली पोरं पुढे एकेक करून खोल्या सोडून गेली. जिंकलेल्यांना हिंजवडीतल्या मोठ्या टीमने बोलावलं, तीही गेली. आता संध्याकाळी त्या अंगणात बसवत नाही.

परवा दाजींचा फोन आला. रविवारी मोकळे आहात का, खेळायला या म्हणाले. मी म्हटलं, दाजी, पन्नाशी उलटली, गुडघे धरलेत, जन्मात कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही.

"आसू द्या," ते म्हणाले. "तुमाला झेपंल तशी पद्धत ठिऊ."

येतो म्हणालो.