टोपलीएवढी हिंदी

नारपोलीच्या नाक्यावर वज्रेश्वरीकडची एक मावशी रोज भाजी घेऊन बसते. गिऱ्हाईक बहुतेक उत्तरेकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्यांच्या बायका, त्यामुळे तिची हिंदी अगदी फाडफाड, पण टोपलीएवढीच. ‘ताजा है’, ‘ले लो’, ‘कल आना’. ‘कैसी हो मौसी?’ विचारलं, तरी ठसक्यात सांगते, ‘एकदम ताजा!’

मी एकदा चिडवलं, “मावशी, हिंदीचा क्लास कुठे लावलात?”

“शिकाला टाइम कुठं हाय? रोज तंच तंच बोलाचं, मंग तोंडच शिकतं. बाकीचं न्हाय येत.”

परवा तिची रोजची एक गिऱ्हाईक आली, ती रिकाम्या हातांनी. नवऱ्याची लूम बंद झाली होती, दोघं कायमची गावी निघाली होती. “अब नहीं आऊँगी, मौसी.”

मराठीत सांगा, मी हिंदी करून देतो, असं मी म्हणणार, तोच मावशीनं कोथिंबिरीची मोठी जुडी बाईच्या हातात कोंबली. “ले लो. ताजा है.”

एवढ्या लांबच्या प्रवासात ती बाई कोथिंबिरीचं काय करणार, कोण जाणे.

बाई वळली. मावशी मागून ओरडली, “कल आना!”

बाईनं पदरानं डोळे पुसले.

“आऊँगी.”