कसलं काम?

ही गोष्ट मी घरी बोललेली नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. मग तुम्हाला का सांगतेय? तेही नीट कळत नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. मला चौकशा फार. नाशिकला इंदिरानगरात आमच्या सोसायटीत कोणाकडे नवा फ्रिज आला तर तो किती लिटरचा हे मला त्या घरच्यांआधी कळतं. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. मी गेले सरकारी योजनेच्या प्रशिक्षण केंद्रात, कंत्राटावर. तरुण पोरापोरींना तिथे कारखान्यातलं काम शिकवतात. शिकून तीन महिने झाले की मी फोन करून विचारायचं — कामाला लागलात का? 'हो' म्हणाले की फाइल बंद. 'नाही' म्हणाले की नाव दुसऱ्या यादीत. त्या यादीतल्यांना वर्षभर एखाद्या कारखान्यात उमेदवारी मिळायची, विद्यावेतनासकट, आणि बरेचजण पुढे तिथेच कायम व्हायचे. ही दुसरी यादी ज्याने कोणी काढली ना, त्याला मी मनापासून मानते. मागे राहिलेल्याला हात द्यायची अक्कल सरकारी कागदात क्वचित दिसते.

मला ते काम आवडायचं. एका प्रश्नाचे मी दहा करायचे. कसलं काम? शिफ्ट कुठली? बस मिळते का? पीएफ कापतात का? डबा कोण करतं? माझे फोन लांबतात म्हणून ऑफिसात सगळे हसायचे.

वैशाली घोटीच्या पलीकडच्या एका गावातली. इलेक्ट्रिक पॅनेलच्या वायरिंगला तिच्यासारखा हात त्या बॅचमध्ये नव्हता — वायरी अशा बसवायची, की घट्ट वेणी घातल्यासारख्या. तिच्या घरातलं कोणी कधी महिन्याच्या पगारावर गेलेलं नव्हतं. मी पहिली जाणार, असं ती पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून बसली होती.

तीन महिन्यांनी फोन झाले. सगळे कुठे ना कुठे लागलेले, एकट्या वैशालीला फोन करायचा राहिलेला. साहेब जाताजाता म्हणाले, एकच राहिलीय ना? बघा. बस, एवढंच. दटावलं नाही, काही सुचवलं नाही. त्यांच्यावर ढकलता येईल असं त्यात काही नाही — मी शोधून पाहिलंय.

फोन लावला. आषाढ होता. विचारलं, वैशाली, लागलीस का गं कामाला?

"लागले की ताई. लय काम हाय सध्या, मान वर करायला टाइम नाय."

मागे बायकांचं हसणं, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, कोणीतरी रोपांची जुडी इकडे टाक म्हणून ओरडत होतं. आषाढात घोटीकडे बायका कुठल्या कामाला लागतात हे नाशिकात कोणाला सांगावं लागतं? भाताची आवणी चालू होती. कोणीही विचारलं असतं तरी तिने हेच उत्तर दिलं असतं. मला ते कळलं — फोन कानाला असतानाच कळलं. फक्त एक प्रश्न विचारायचा होता. कसलं काम? दिवसभर तोच तर विचारायचे मी! त्या दिवशी नाही विचारला. छान छान, म्हणाले, फोन ठेवला आणि 'रोजगारप्राप्त'वर खूण केली.

का? याचं मला अजून कुतूहल आहे. बढती मिळणार नव्हती, शाबासकीही नाही. स्क्रीनवर त्या बॅचचा रकाना वरपासून खालपर्यंत हिरवा झाला आणि मला बरं वाटलं. एवढ्यासाठी? बहुधा एवढ्यासाठीच. मग मी स्वतःशी वादही घातला — दिवसभर वाकून चिखलात रोपं लावणं म्हणजे काम नाही का? चांगली नोकरी कशाला म्हणायची हे मुंबई-दिल्लीतल्यांनीच का ठरवावं? वाद चांगला होता. पण तिला पॅनेलचं काम हवं होतं, आणि ते मला माहीत होतं.

इथवर चूक म्हणता येईल. पुढच्याला ते नाव नाही.

दसऱ्याच्या सुमारास दुसरी यादी लागली. मैत्रिणीकडून कळलं म्हणून वैशाली केंद्रात आली, केंद्राचा निळा एप्रन इस्त्री करून घालून. यादीत नाव नाही. कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे 'रोजगारप्राप्त'. ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी कधी लागले?"

माझ्या ड्रॉवरमध्ये दुरुस्तीचा अर्ज होता. एकच पान. कारणाच्या जागी लिहायचं — नोंद करणाऱ्याची चूक — आणि खाली माझी सही. त्या दिवशी जागा शिल्लक होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी म्हणाले, "तूच तर फोनवर सांगितलंस."

ती आठवत राहिली. मग चेहरा पडला तिचा, आणि ती चक्क माझी माफी मागायला लागली — माझंच चुकलं ताई, मी आवणीचं बोलले, मला नीट सांगता नाय आलं. आणि मी? मी तिला पाणी दिलं. होतं असं, म्हणाले. मोठ्या मनाने माफ केल्यासारखं! त्या ग्लासभर पाण्याची मला खुणेपेक्षा जास्त लाज वाटते.

त्याला चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात जुन्या बॅचना पुन्हा फोन करायचा आदेश आला. वैशालीचा नंबर तोच होता. मी ठरलेला प्रश्न विचारला — कामाला लागलीस का? ती म्हणाली,

"ताई, कसलं काम ते आधी सांगा. मागं माझ्या बोलण्यानं घोळ झाला व्हता."

माझा प्रश्न, आणि तो ती मला विचारत होती. मी म्हणाले, कारखान्यातलं, महिन्याच्या पगाराचं. मग नाय, ती म्हणाली. मी 'नाही'वर खूण केली. या वेळी दुसरी यादी नव्हती, नुसता आढावा होता. मग आम्ही खूप बोललो. लग्न कुठे झालं, मुलीचं नाव काय, अंगणवाडीत रडते का — सगळं विचारलं मी. घोळ तुझा नव्हता, एवढं मात्र बोलले नाही.