काचेच्या कडेच्या सात पेशी

सोनोए कुवामोतोनं एकतीस वर्षं परक्या बायकांच्या पेशी बघण्यात घालवली. बंदरापासून दोन स्टेशनं पलीकडच्या तपासणी केंद्रात ती कामाला होती. गर्भाशयाच्या तोंडाशी हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून तिच्या टेबलावर येत. काच सूक्ष्मदर्शकाखाली आडवी सरकवायची, कड आली की जराशी खाली घ्यायची आणि मग उलट फिरायचं, नांगर फिरतो तसं. संशयाची पेशी दिसली की तिच्याशेजारी शाईचा ठिपका. काही नसेल तर कागदावर तिचा लाल शिक्का, आणि कुठलीतरी बाई निर्धास्त घरी.

लग्न तिनं केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, मला सगळं चारशेपट मोठं करून बघायची खोड, कुठला नवरा पसंत पडणार?

नव्या मुलींना मात्र ती जीव तोडून शिकवी. आधी चांगली पेशी डोळ्यांत मुरू दे, म्हणे. भोवती पातळ पडदा, आत काय घ्यायचं आणि काय नाही ते तो बघतो. मधोमध तिळाएवढं केंद्रक. हुकूम तिथून सुटतात, पण राबणूक सगळी बाहेरच्या ऐसपैस जागेत चालते. पेशी बिघडली की केंद्रक फुगतं, काळवंडतं आणि राबायची जागाच गिळून बसतं. "मालक माजला की घर बुडतं," ती सांगायची.

केंद्राची एक रीत होती. कुणाला कॅन्सर निघाला, की तिच्या जुन्या काचा कपाटातून काढून पुन्हा बघायच्या. त्या वर्षी नोव्हेंबरात, खेकड्यांचा हंगाम नुकताच लागला असताना, यादीत फुसाए अदाचीचं नाव आलं. फुसाए तिची पहिलीपासूनची मैत्रीण. बंदरावर खेकडे निवडायचं काम करी, आणि तिच्या आवाजापुढे लिलाववाला फिका पडे. तिचा आजार फार पुढे गेला होता, हे सोनोएला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वीच्या कागदावर 'दोष नाही' असं लिहिलेलं होतं, आणि खाली शिक्का सोनोएचाच होता.

तिनं काच लावली. उजव्या कडेला, सुजेच्या पेशींच्या गर्दीखाली, त्या सात दिसल्या. केंद्रकं फुगलेली, कडा चुरगळलेल्या. तिनं तीनदा बघितलं आणि शाईचा ठिपका दिला. चार वर्षं उशिरा दिलेला ठिपका कुणाच्या काय कामाचा?

केंद्राचे प्रमुख नोझु डॉक्टर माणूस वाईट नव्हते. त्यांनीही काच बघितली. ही दहाजणांना दाखवली तर पाचजण चुकतील, म्हणाले. बैठकीत नोंद होईल, कुवामोतोबाईंनी स्वतः तिच्या घरी जायचं काही कारण नाही. सोनोएनं मान डोलावली.

पाय तुटलेल्या खेकड्याला बाजारात भाव नाही. हंगामातला पहिला तसला खेकडा फुसाए दरवर्षी सोनोएकडे पाठवी. यंदा अंथरुणाला खिळलेली असूनही तिनं तो पाठवला. सोनोएनं त्याला हात लावला नाही. रविवारी ती फुसाएच्या घरी गेली, तिच्या अंथरुणाशी जमिनीवर हात टेकून तिनं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

फुसाएनं उशाशी पडलेला जाहिरातीचा कागद पुढे केला.

"काढून दाखव."

सोनोएनं कागदाच्या कोऱ्या बाजूला दोन पेशी काढल्या. "ही चांगली. ही तुझी."

"काय करत होत्या तिथं?"

"काहीच नाही. प्रत्येक पेशीला काम नेमून दिलेलं असतं. यांनी ते सोडलं होतं. नुसत्या वाढत होत्या."

"तेव्हा दिसल्या असत्या तर?"

सोनोएला खोटं बोलता आलं असतं. ती खोटं बोलली नाही. "छोटंसं ऑपरेशन. पंधरा दिवसांत बंदरावर आली असतीस."

फुसाएनं डोळे मिटून घेतले. "हजारात एखादा खेकडा माझ्याही नजरेतून सुटतो. पण त्यानं कुणी मरत नाही गं, सोनोए."

"हो."

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

बाहेर ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. फुसाएनं उशीखालून एक पाकीट ओढून काढलं. नगरपालिकेकडून आलेलं, तपासणीचं बोलावणं, तिच्या लेकीच्या नावाचं. माहो एकोणतीस वर्षांची झाली होती आणि एकदाही तपासायला गेली नव्हती.

"गुरुवारी तिला पाठवते. तिची काच दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तूच बघ."

"मी? एवढं झाल्यावर?"

"एवढं झाल्यावर तुझ्याइतकं डोळे फाडून दुसरं कोण बघणार आहे?"

सोनोएचा इतका वेळ धरलेला बांध फुटला. ती अंथरुणाच्या कडेवर डोकं टेकून हमसून रडू लागली. फुसाएनं तिला थोपटलं नाही, गप्पही केलं नाही.

"आत्ताच काय ते रडून घे," ती म्हणाली. "गुरुवारी रडक्या डोळ्यांनी माझ्या पोरीची काच बघायची नाही."