गंगूआत्याचा डावा तळहात

१९४८, वैशाख, सोमवार, दिवस उगवायच्या आत. सास्तूर, आमच्या दुकानापुढं. हजर: अप्पा, म्हणजे माझे वडील; अव्वा, म्हणजे आई; अप्पांची धाकटी बहीण गंगूआत्या; मी, वय नऊ; आणि गाडी हाकायला निवृत्ती. सामान: दोन ट्रंका, ज्वारीचं पोतं, तांब्याची घागर, वाकळा. जायचं सोलापूरला. कारण रझाकारांच्या भीतीनं आजूबाजूची गावं रिकामी होत होती आणि अप्पांनी किराणा दुकानाची फळी उघडणं बंद केलं होतं.

सास्तुरात राहिलात ते आणि आमच्यासारखे उठून गेलात ते, दोघांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी ना कुणी सोलापुरात भेटलं की अप्पांना विचारायचं, गंगू कशी आहे. ते "हाय की, बरी हाय" म्हणायचे आणि विषय बदलायचे. त्या प्रश्नाच्या भीतीनं ते गावी परत आले नाहीत. पोलीस ॲक्शननंतर पुष्कळ लोक परतले. आमचं घर मात्र सोलापुरात बसूनच विकलं गेलं.

आत्या नवऱ्याकडून परत पाठवलेली होती. भिंतीशी बोलायची, मध्येच हसायची. डोकं फिरलंय, एवढंच तिचं निदान. पण पहाटे अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. आपल्या लिंगायत घरांत हे सगळेच करतात, म्हणून तिचं वेगळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. लिंग मरेपर्यंत अंगावर, आणि मेल्यावर मातीत बसवतात तेव्हा त्याच डाव्या हातात. हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या पहाटे निवृत्तीनं जू उचललं तशी आत्या बैलांपुढं येऊन उभी राहिली.

"अण्णा, आज सोमवार हाय. बैल सोडा."

सोमवारी आपल्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्या गडबडीत वार कुणालाच आठवला नव्हता. निवृत्ती हसला. "बगा मालक, येडीला वार कळतोय. शहाण्यांचं काय खरं न्हाय."

"तिला काय कळतंय," अप्पा म्हणाले. "बस गं गाडीत." अव्वानं तिचा दंड धरून तिला वर घेतलं.

निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, शिपायानं ट्रंका उघडायला लावल्या. आत्या एकटीच काहीतरी पुटपुटत होती. "बाई क्या बोलरी जी?" त्यानं विचारलं. अप्पा हात जोडून म्हणाले, "दिमाग ठिकाने पे नहीं साहब." तो ट्रंकेचं झाकण लावत म्हणाला, "अब किसका है जी? जाओ." आम्ही हसलो. त्या प्रवासातलं हसणं एवढंच.

सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत एक खोली मिळाली. सास्तुरात अंगण, परसू, मागं शेत. आत्याला बोलायला जागा होती. इथं दहा हातांची खोली, नळ सगळ्यांत एक. पहाटे ती नळाखाली बसली की रांग अडायची. "तुमची देवी नळ सोडते का आम्ही उद्या येऊ?" असं शेजारणी अव्वाला विचारत. गिरणीचा भोंगा झाला की आत्या मोठ्यानं "आले, आले" म्हणायची आणि चालू लागायची. दोनदा ती नळदुर्गच्या रस्त्यावर सापडली. गावाकडं तोंड करून चालली होती. मालकानं खोली सोडायला सांगितली, तेव्हा अप्पांनी तिला रेल्वेनं एका मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. नाव लिहीत नाही, तशी पुष्कळ होती.

फाटकावर सांगितलं, गळ्यात काही चालणार नाही, इथं काढून द्या. अप्पांनी विचार केला: हे लिंग कुणाच्याही हाताला लागणार, चिंध्यांच्या ढिगात पडणार. त्यांनी ते स्वतः तिच्या गळ्यातून काढलं, आतल्या खिशात ठेवलं आणि जपून घरी आणलं. आमच्याच घरातला माणूस असं करू शकतो. दुसऱ्या कुणी ते तिथंच टेबलावर ठेवलं असतं, तर कदाचित तिनं भांडून परत मिळवलं असतं.

"आनि ती काय करंल?" अव्वानं विचारलं.

"तिला काय कळतंय."

पुढं आम्ही खोली बदलली. इस्पितळाची तार जुन्या खोलीवर गेली असणार. दिवाळीला अप्पा तिला भेटायला गेले, तर ती जाऊन महिना होऊन गेला होता. वॉर्डातला माणूस त्यांच्याशी चांगला बोलला. "लई शांत बाई. सकाळी अंग धुऊन भिंतीकडं तोंड करून बसायच्या, डावा हात असा पुढं धरून. आम्हाला वाटायचं मागतायत. भाकरी ठेवायचो हातावर. त्या ती पडू द्यायच्या. मग डॉक्टरनी नळीनं दूध घातलं. न्हाय टिकल्या." घरी आल्यावर अप्पांनी हे एकदाच सांगितलं, आपला डावा तळहात पुढं धरून. हात किती तरी वेळ तसाच राहिला.

मी मानसोपचाराकडं का वळले, हे मला मुलाखतींतून विचारलं जातं. मी काहीतरी दुसरं सांगते. माझ्याकडं नवा रुग्ण आला की औषधाआधी मी विचारते: सकाळी उठून पहिलं काय करतो, कुणाच्या पंगतीला बसतो, हाताला कोणतं काम येतं, रागावला की कोणत्या भाषेत बोलतो, गळ्यात काय होतं. माझे शिकाऊ डॉक्टर म्हणतात, "मॅडम, रुग्ण तपासताय की सोयरीक जुळवताय?" हसू देत. आता तेही हेच प्रश्न विचारतात, तेवढं पुरे.

पण तुम्हाला खोटं सांगणार नाही. एवढं विचारूनही माझ्या वॉर्डातल्या निम्म्याअधिक बायकांना न्यायला कुणी येत नाही. त्या जेवतात, झोपतात, बऱ्याही होतात, आणि फाटकाकडं बघत म्हाताऱ्या होतात. आणून सोडणाऱ्यांचं एक वाक्य अजून बदललेलं नाही. ते मी अप्पांच्याच आवाजात ऐकते. माणूस समजून घेतला की तो घरी जातो, असं मला तरुणपणी वाटायचं. घर त्याला घेत नसेल तर माझ्याकडं त्यावर औषध नाही. घर म्हणजे काय हे आता विचाराल, तर ज्या जागी आपलं कशावाचून अडतं हे न सांगता ठाऊक असतं ती जागा. सास्तुरात ती होती. आम्ही ती गाडीत घातलीच नाही.

अप्पा शेवटपर्यंत रोज दोन लिंगांची पूजा करत, आधी तिचं, मग स्वतःचं. त्यांच्यानंतर तिचं माझ्याकडं आलं. आमच्या घरचे गुरू जंगमस्वामी म्हणाले, नदीत सोडा, दोष नाही. अप्पांनी जाताना बजावलं होतं, "हातात द्यायचं. पान्यात न्हाय." त्या शहरात मी तीनदा जाऊन आले. बेवारस म्हणून तिला जिथं पुरलं, तिथं आता कर्मचाऱ्यांची घरं आहेत, आणि नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही.

दर वर्षी जानेवारीत मी कामांची नवी यादी करते आणि उरलेली कामं जुनीवरून उतरवते. यंदा त्यातलं एकच उरलं आहे: आत्याचं लिंग आत्याला पोचवणं.