परमुलखातली बाई

बडोद्याला पाहुणे आले की राजवाडा, सूरसागर आणि कमाटीबागेतलं म्युझियम दाखवायचं, हे दांडिया बाजारातल्या आम्हा मराठी घरांत ठरलेलंच. म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे. तिच्याजवळ खाकी कपड्यांतला एक म्हातारा रखवालदार स्टुलावर बसलेला असे.

नव्वदच्या दशकात एकदा पुण्याचे मेहुणे नवा कॅमेरा घेऊन आले. तो माझ्या हातात देऊन ममीशेजारी दात काढत उभे राहिले. रखवालदार उठला.

"हसू नका साहेब. बाईमाणूस आहे, परमुलखातून आलेली. तुम्ही बडोदं बघून उद्या घरी जाल. हिला कुणी परत नेलं नाही."

मेहुणे ओशाळले. मला मात्र रागच आला. पाहुण्यांपुढे शोभा झाली ना!

बंद व्हायची वेळ झाली. त्याने एकेक दिवा मालवला. शेवटचा मालवण्याआधी ममीकडे वळून, घरातून निघताना सांगावं तसं तो म्हणाला, "येतो हां बाई."

पुढच्या दिवाळीत पुन्हा पाहुणे घेऊन गेलो. स्टुलावर नवा माणूस होता. "चालो भाई, बंध थई गयुं," म्हणत त्याने खटाखट दिवे घालवले. पाहुणे पुढे गेले. मी मागे रेंगाळलो, कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि म्हणालो, "येतो हां."