परशराम अण्णांनी कमी केलेला स्पीड

परशराम अण्णा इंटरनेट दुरुस्त करायला आले की आधी राउटरवर पालथा हात ठेवायचे, आजारी पोराचं अंग बघावं तसा. डोळे मिटून म्हणायचे, "तापलाय." मग पिशवीतली पक्कड बाहेर काढायच्या आधीच चौकशी सुरू. घरात माणसं किती, कोण कधी जेवतं, दुपारी कोण झोपतं. मी कंपनीच्या मीटिंगमधून अर्ध्यावर फेकली गेलेली, डोकं फिरलेलं, आणि हे माझ्या बाबांबद्दल विचारणार, "आप्पा किती वाजता जेवत्यात गं?" पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस नेट बघायला आलाय की जनगणनेला.

मी चिडले की ते शांतपणे म्हणायचे, "तारंचं मागनं बघू. आधी माणसांचं सांग." टेलिफोन खात्यात आयुष्यभर लाइनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर एका केबलवाल्याकडे कंग्राळीच्या आमच्या गल्ल्या सांभाळत होते. राहायचे शहराच्या पलीकडच्या टोकाला, मच्छेला. जुन्या स्कूटरवरून यायचे आणि आल्या आल्या चहा मागायचे, तोही हक्कानं.

माझी अडचण साधी होती, निदान मला तसं वाटत होतं. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. दिवसाला चार-पाच व्हिडिओ मीटिंगा. आई गेलेली, बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी कंग्राळीत. पण रोज दुपारी अडीच वाजले की नेट मरायचं. माझा चेहरा तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठायचा आणि पलीकडचे आपापसात बोलत राहायचे. शेवटी साहेबांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर पुण्याला येऊन बसावं लागेल. पुण्याला जायचं म्हणजे बाबांना एकटं टाकायचं. नोकरी सोडायची म्हणजे औषधांचं काय, तेही कळत नव्हतं.

"तुमचं हे मीटिंगचं सॉफ्टवेअरच खादाड हाय," अण्णांनी निदान केलं. "नेटचा खाली यायचा रस्ता रुंद असतोय गं, वर जायचा बोळ. तू तुझं त्वांड वर पाठवतीस, तितं गर्दी हुत्या." मग त्यांनी सांगितलेलं सगळं मी केलं. व्हिडिओची क्वालिटी उतरवली. वाय-फाय सोडून लॅपटॉपला थेट केबल लावली. मीटिंग संपल्यावरही ते सॉफ्टवेअर मागे चालू राहतं म्हणून दरवेळी मुळापासून बंद केलं. कॅमेरा झाकून नुसतं बोलून पाहिलं. सकाळी सगळं झकास, दुपारी अडीचला पुन्हा तेच. मोठा प्लॅन मागितला, तर आमच्या गल्लीच्या खांबावरचा डबा भरलाय, नवीन लाइन बसत नाही म्हणे.

अण्णा तीनदा आले. तिन्ही वेळा राउटरचं अंग बघितलं, एकदा वायर बदलली, एकदा राउटर कपाटावरून खिडकीत नेला. घरातलं कोणतं यंत्र किती नेट खातंय ते बघता येतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते विचारलं तर नजर चुकवून म्हणाले, "त्याचा पासवर्ड हापिसात असतोय." तो पासवर्ड राउटरच्याच बुडाला चिकटवलेला होता. केर काढताना मला दिसला.

दुपारी अडीचला तो पासवर्ड घालून मी राउटरचं पान उघडलं. माझ्या लॅपटॉपच्या कितीतरी पट जास्त डेटा बाबांचा टॅब वर पाठवत होता. तो टॅब मीच त्यांना भजनं ऐकायला दिला होता. भजनं ऐकणारा टॅब वर काय पाठवतोय? मला काहीच कळेना. माडीवर गेले, दार ढकललं. बाबा खुर्चीत बसून डुलक्या घेत होते. समोर धान्याच्या डब्याला टेकवलेला टॅब, आणि त्यात मारुतीकाका पेपर वाचत बसलेले.

इथे सांगायला हवं की मारुतीकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मच्छेला राहतात, आणि दोघं चौदा वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. वाटणीच्या वेळी देवीचा टाक कुणाच्या देव्हाऱ्यात राहणार यावरून पेटलं. देवळात जाऊन दोघांनी पंचांसमोर देवीच्या हळदीचा भंडारा उचलला, की आजपासून भावाशी एक शब्द बोलणार नाही. आमच्याकडे देवीचा भंडारा उचलून केलेली शपथ मोडत नाहीत. नंतर टाक काकांकडे गेला, अबोला दोघांकडे राहिला.

पासवर्ड का लपवला ते आता कळलं. मी खाली येऊन अण्णांना फोन लावला आणि नको ते बोलले. अर्ध्या तासात ते दारात. "आधी च्या कर," म्हणाले. मी केला नाही. तेव्हा उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"मारुती माझा शेजारी. आप्पाचं आपरेशन झाल्यापास्नं रोज सकाळी मला इचारतोय, बरा हाय का रं? हितं आलो की आप्पा इचारत्यात, त्याचा गुडघा कसा हाय? मी काय टपालवाला हाय व्हय? म्हटलं, तुमचं तुम्ही बघा."

"मग फोन जोडून द्यायचा!"

"फोन कुणी करायचा आधी? त्यात मान जातोय. ह्या मीटिंगमधी बरं असतंय. कुणी कुणाला बोलवत न्हाय. दोघं आपापलं आत येऊन बसत्यात. आवाज दोन्हीकडनं बंद करून दिलाय. बोलायचं न्हाय म्हणून भंडारा उचललाय, बघायचं न्हाय म्हणून न्हाय."

हसावं की रडावं कळेना. माझी नोकरी दोन म्हाताऱ्यांच्या अबोल्यानं खाल्ली होती. म्हटलं, बंद करा. "बंद करायचं तर तू कर," अण्णा म्हणाले, "माझ्यानं हुनार न्हाय." मीही वर जाऊ शकले नाही. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. राउटरमध्ये बाबांच्या टॅबला वर पाठवायची मर्यादा घातली. काकांना बाबा जरा धुरकट दिसतील, माझं काम निघेल.

आणि निघालं. दुसऱ्या दिवशी अडीचच्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच न गोठता बोलत होते. साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात माडीवरून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "आप्पा! ओ आप्पा! ऊठ की रं! आप्पा!" माझा माइक चालू होता. सगळं पुणं दचकलं. मी तशीच जिना चढले. बाबा खुर्चीत मान टाकून झोपले होते. पलीकडे काकांना तेवढा चौकोनी धुरका ठिपका दिसत असणार, मान कलंडलेला, गोठलेला, जराही न हलणारा. टॅबमधून काका रडत होते.

बाबा दचकून जागे झाले. पडद्याकडे बघत राहिले. मी टॅबचा माइक चालू केला. "हाय रं, हाय," म्हणाले. "झोपलोतो. रडतोस कशाला, मारत्या?"

चौदा वर्षांनंतर दोघं काय बोलले म्हणाल, तर गुडघा आणि गोळ्या. मी दारात उभी राहून रडले. खाली मीटिंगमध्ये माझी रिकामी खुर्ची दिसत होती, पण ती अजिबात गोठली नव्हती. पुण्याला जायचा विषय पुढे निघाला नाही.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. "किती कमी केलंवतं?"

"तुझं काम चालंल एवढं."

"जरा जास्तच केलंत. मुद्दाम केलंत ना? आणि काकांना आवाजाचं बटण कुणी दाखवलं?"

मागे स्कूटरची फटफट चालू होती. "चित्राला लई नेट लागतंय गं," ते म्हणाले. "आवाजाला कायबी लागत न्हाय." आणि फोन ठेवला. पुढे कितीदा विचारलं, दरवेळी चहा मागून विषय बदलला.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, सकाळी, माडीवरून काकांचा आवाज आला, "आप्पा, परशा गेला रं." झोपेतच गेले होते. मी बाबांना स्कूटरवर बसवून मच्छेला नेलं. अण्णांच्या अंगणात बाबा आणि काका शेजारी शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके. एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. परतताना मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "चार माणसांत कसं बोलणार? भंडारा उचलल्याला हाय."

घरी येऊन बाबांनी पाय धुतले, माडीवर गेले आणि टॅब लावला. दोघं परशराम अण्णांविषयी बोलत बसले, अंधार पडेपर्यंत. मी जिन्यात बसून ऐकत होते. कंग्राळी ते मच्छे स्पष्ट पोचणारा आवाज हातभर अंतरावर का पोचत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही, आणि ते विचारायला आता कुणाला बोलवायचं, तेही कळत नाही.