सर्व्हर आणि मनोरची एसटी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. आमचा सर्व्हर युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवर चालतो. वयाने म्हातारा, पण हट्टाने टिकून आहे. म्हणूनच माझं नि त्याचं जमत असावं. सगळ्यांची हजेरी त्याच्यावर. येता-जाताना गेटवर कार्ड लावलं की पडद्यावर फोटो येतो, नोंद होते, मगच आडवा दांडा सरकतो.

गेल्या वर्षी हे सगळं रखडायला लागलं. मी सेटिंगं बदलली, मेमरी वाढवली. सकाळी माणसं एकेक करून येतात, तेव्हा तपासलं की एकदम झकास. संध्याकाळी मात्र वॉचमनचा फोन ठरलेला, "मॅडम, लाइन फिर अटक गई." मग मी वैतागून नेटवर्कवाल्यांच्या नावाने खडे फोडायची.

एकदा घरी निघाले, तर रांगेतून पॅकिंगमधली एक बाई माझ्या अंगावरच आली. मनोरकडच्या पाड्यावरची, नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतलेली.

"मॅडम, तुमचा कंपुटर झोपतो नि आमची एसटी निघून जाते! घरी माजं तान्हं पोर हाय. सासू त्याला पानी पाजून किती येळ गप करंल?"

"अहो, मी बघतेय, पण..."

"नाय बघत तुमी. हितं उभ्या ऱ्हा आमच्यासंगं."

माझा पारा चढला होता. पण तिच्या ब्लाउजवर दुधाची ओल पसरली होती, ती पदराने झाकत होती. ते मला दिसलं.

मी उलटपावली वर सर्व्हरच्या खोलीत गेले आणि ऐन सुटायच्या वेळच्या गर्दीत सर्व्हर काय करतोय, ते पहिल्यांदाच बघितलं. प्रत्येक नोंदीची एक छोटी फाइल, आणि इतक्या वर्षांच्या सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये. नवी फाइल ठेवायची तर सर्व्हर आधी सगळी नावं धुंडाळत होता. शिवाय कुणाचा फोटो नुसता उघडला, तरी 'आत्ता उघडला' म्हणून डिस्कवर वेळ लिहीत बसायचा. कुणी फ्रिज उघडून आत डोकावलं, तरी घड्याळ बघून लिहून ठेवणारी माणसं असतात, तसलं! ती वेळ आजवर कुणीही वाचलेली नव्हती.

रविवारी कारखाना बंद असताना मी ते वेळ लिहिणं थांबवलं. जुन्या नोंदी महिन्यांच्या फोल्डरांत वाटल्या, आणि इथून पुढे रोजच्या नोंदींना रोजचा नवा फोल्डर मिळेल अशी सोय केली. यातलं काहीच मला नवं नव्हतं. फक्त बघायचं कधी, ते तिने दाखवून दिलं. माझ्यावर कुणी आवाज चढवलेला मला खपत नाही, घरच्यांना विचारा. पण तिने चढवला, त्याबद्दल मी तिची मनापासून ऋणी आहे.

सोमवारी सुटायच्या वेळी मी गेटवर जाऊन उभी राहिले. कौतुक ऐकायलाच, खोटं कशाला बोलू! रांग भराभर पुढे सरकत होती. तिने कार्ड लावलं, फोटो आला, दांडा सरकला. माझ्याकडे न बघता, चपला हातात घेऊन ती माझ्यासमोरून धावत सुटली. मनोरची एसटी नाक्यावर उभी होती. कंडक्टरने दार ओढायच्या आत ती चढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आभार मानायला ती थांबली असती, तर गाडी चुकली असती.